ज्याचं वाक्य, त्यानंच पुसायचं

शाळेत त्यांना कोणी त्यांच्या नावानं हाक मारत नसे. पोरं मागं 'आधीबाई' म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. नवा धडा सुरू करायच्या दिवशी बाई वर्गात आल्या की पुस्तक टेबलावर पालथं टाकायच्या, खडू उचलायच्या आणि म्हणायच्या, "मी नंतर. आधी तुम्ही सांगा."

मग तो अख्खा तास पोरांचा. विषय वीज असो, झाडं असोत की पोटातलं पचन, ज्याला जे माहीत आहे, जे वाटतं, कुठंतरी ऐकलंय, ते त्यानं सांगायचं. बाई ते फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर जसंच्या तसं उतरवून घ्यायच्या. बरोबर म्हणायच्या नाहीत, चूक म्हणायच्या नाहीत. वाक्याच्या शेवटी सांगणाऱ्याचं आद्याक्षर टाकायच्या आणि पुढच्याकडे वळायच्या. दुसऱ्या दिवसापासून उजव्या भागावर शिकवणं सुरू. डावीकडची वाक्यं धडा संपेपर्यंत तिथंच राहायची. शिकता शिकता एखाद्याच्या डोक्यात उजेड पडला, की अरेच्चा, आपलं वाक्य चुकलंय, तर त्यानं उठायचं, फळ्याशी जायचं आणि आपलं वाक्य आपल्या हातानं पुसायचं. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बाईंनीसुद्धा नाही. ज्याचं वाक्य, त्यानंच पुसायचं, हा वर्गाचा कायदा होता आणि शाळेच्या बाकी कुठल्याही कायद्यापेक्षा तो जास्त पाळला जाई.

आता तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला? पुस्तक आहे, धडा आहे, शिकवा आणि मोकळ्या व्हा. बाईसुद्धा नोकरीच्या सुरुवातीला तसंच करत होत्या. घसा फोडून शिकवायच्या, पोरं परीक्षेत घडाघडा लिहायची, आणि बाई खूश. मग एकदा चंद्राच्या कलांचा धडा झाला, परीक्षा झाली, आणि वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळवलेली मुलगी संध्याकाळी मैदानात आपल्या धाकट्या भावाला सांगताना बाईंनी ऐकली, "अरे, ढग आड येतात म्हणून चंद्र अर्धा दिसतो." बाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी तिला विचारलं, "अगं, मग पेपरात काय लिहिलंस?" मुलगी म्हणाली, "ते पेपरात लिहायचं असतं ना, बाई. खरं तर ढगच असतात."

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या तोंड पाडून. त्यांचे यजमान रंगारी. लोकांच्या भिंती, दारं, खिडक्या रंगवायचं काम. कोपरापर्यंत वाळलेल्या रंगाचे ठिपके घेऊन चहा पीत बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मग? जुना पोपडा खरवडला नाहीस तर असंच होणार. वरून कितीही भारी रंग मार, पहिल्या ओलीला सगळं सोलून हातात येतं."

"पोपडा कुठाय ते मला दिसायला नको का?"

"नखानं टोकरून बघायचं," यजमान म्हणाले आणि बिस्किटं कुठं ठेवलीत ते विचारू लागले.

तेव्हापासून बाई टोकरून बघू लागल्या. त्याला आता बरीच वर्षं झाली.

गंमत म्हणजे पोरं काही कमी नव्हती. बाईंना चुकीची उत्तरं आवडतात, हे त्यांनी बरोबर हेरलं. खरंच होतं ते. कोणी अस्सल चुकीचं काही बोललं की बाईंचा चेहरा असा खुलायचा, जणू पोरानं बक्षीस आणलंय. मग काय, चढाओढ लागली. जो तो जास्तीत जास्त भन्नाट चूक शोधून आणू लागला. यात सगळ्यात पुढं एक मुलगा होता. कशावरही वाद घालायचा म्हणून त्याला सगळे 'वकील' म्हणायचे. विजेच्या धड्याला वकिलानं सांगितलं होतं की बटण वर केल्यावर वायरमध्ये वीज झोपते आणि खाली केल्यावर दचकून उठते. बाईंनी खडू हातात धरून त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि विचारलं, "मनापासून, की फळ्यासाठी?"

वकील दात काढत म्हणाला, "फळ्यासाठी, बाई."

"बस खाली, शहाणा कुठला."

हा बाईंचा ठरलेला प्रश्न झाला. मनापासून, की फळ्यासाठी? मनापासून असेल तर फळ्यावर जायचं, फळ्यासाठी असेल तर नाही. पोरं खोटं बोलत नसत. हसत, पण खरं सांगत.

शिक्षकांच्या खोलीत मात्र या सगळ्याला फार किंमत नव्हती. त्याच वर्गावर पुढचा तास गणिताच्या सरांचा असायचा. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाचा फटकळ. "तुमच्या त्या डाव्या बाजूमुळं माझी गणितं दाटीवाटीनं उभी राहतात, बाई," ते म्हणायचे. "अर्ध्या फळ्यावर भागाकार मांडून बघा एकदा. बाकी खाली जमिनीवर लिहावी लागते." बाई म्हणायच्या, "पुसू नका हं, सर." सर कपाळाला हात लावायचे. पण पुसायचे मात्र कधी नाहीत.

त्या वर्षी मधूनच एक मुलगी वर्गात आली. दुसऱ्या गावाहून, आईबरोबर, मामाच्या घरी राहायला. वर्ग तिला 'नवी' म्हणू लागला आणि दोन महिने झाले तरी नवीच म्हणत राहिला. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची. वह्या नीटनेटक्या, अक्षर सुरेख, विचारलं तर उत्तर द्यायची, आपण होऊन बोलायची नाही. असं मूल कोणत्याही शिक्षकाला सोयीचंच वाटतं. बाईंनाही वाटलं, उगाच कशाला खोटं बोला.

आणि मग आला हृदयाचा धडा.

"मी नंतर. आधी तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या, आणि वर्गाला नुसतं उधाण आलं. कोणी म्हणालं, हृदय डावीकडे असतं. कोणी म्हणालं, रक्त तिथंच तयार होतं. एक मुलगी म्हणाली की झोपल्यावर हृदयही थोडा वेळ झोपतं. बाईंनी विचारलं, "मनापासून?" ती म्हणाली, "हो, नाहीतर ते दमणार नाही का?" लिहिलं. वकिलानं सांगितलं की हृदयात चार खोल्या असतात आणि दोन भाड्यानं दिलेल्या असतात. वर्ग खदखदला. बाईंनी डोळे वटारले, वकील आपणहून खाली बसला.

अजून हशा ओसरला नव्हता तेवढ्यात भिंतीकडेचा हात वर झाला. नवीचा हात! बाईंना केवढा आनंद झाला. "बोल, बोल."

नवी उभी राहिली आणि सरळ आवाजात म्हणाली, "मुलांनी छळलं की घरच्यांचं हृदय बंद पडतं."

मग काय विचारता. वर्ग बाकं बडवू लागला. हे तर सगळ्यांच्याच घरात रोज ऐकू येणारं वाक्य. "माझी आई तर दिवसातून चारदा मरते!" वकील ओरडला. पोरं हसून हसून एकमेकांवर पडली. बाईंनाही हसू आवरेना. त्यांना वाटलं, बघा, मुकी बाहुली बोलली आणि बोलली ती वकिलाच्या वरताण. त्यांनी हसत हसत मोठ्या अक्षरांत वाक्य लिहिलं, शेवटी नवीचं आद्याक्षर टाकलं, आणि तेवढ्यात घंटा झाली.

तो एक प्रश्न विचारायचा मात्र राहून गेला.

पुढचे दिवस धडा झकास चालला. बाईंनी रबरी नळी आणि दोन नरसाळी जोडून ऐकायचं यंत्र बनवलं. पोरं एकमेकांच्या छातीला नरसाळं लावून तासन् तास ऐकत बसली. मैदानाला फेरी मारून यायचं आणि ठोके कसे धावतात ते बघायचं, असलं काहीबाही. पाण्याची मऊ बाटली दाबून आणि सोडून पंप कसा चालतो ते झालं. रक्तवाहिन्या कशा तुंबतात, वर्षानुवर्षं आत थर कसा साचत जातो, हेही झालं. एकेक जण उठून आपलं वाक्य पुसू लागला. झोपणाऱ्या हृदयवालीनं घरी झोपलेल्या आजीच्या छातीला कान लावून पाहिलं होतं, तिनं येऊन ताडकन पुसलं. नवीनंही सगळं केलं. वकिलाचे ठोके ऐकून मोजले, आकृती काढली, ती वर्गात सगळ्यात चांगली निघाली. पण नरसाळं स्वतःच्या छातीला लावायची वेळ आली, तेव्हा तिनं ते मुकाट्यानं शेजारणीकडे दिलं. बाईंनी पाहिलं आणि सोडून दिलं.

धडा संपला. शुक्रवारी पालकसभा होती आणि मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं होतं की सगळ्या वर्गांचे फळे स्वच्छ हवेत, पालकांसमोर असली चुकीची वाक्यं नकोत. डावीकडे बरोबर निघालेली वाक्यंही ज्याची त्यानं पुसली. खाली एकच उरलं.

"अगं, तुझं राहिलंय," बाई नवीला म्हणाल्या. "ये, पूस."

नवी जागेवरून हलली नाही.

"मुलांनी छळलं तर पडतं का बंद? आपण काय शिकलो?"

"वाहिन्या तुंबल्यामुळं रक्त पोचत नाही, म्हणून बंद पडतं," नवीनं न अडखळता सांगितलं.

"शाब्बास! मग पूस की."

"नाही पुसणार."

वर्गात पुन्हा खसखस पिकली. नवी खाली बघत म्हणाली, "माझं नाही ते वाक्य."

"तूच तर सांगितलंस, तुझं अक्षर आहे बघ शेवटी," वकील मागून म्हणाला.

"सांगितलं मी. पण माझं नाही."

आणि आता बाईंना कळलं. हे पोर विनोद करत नव्हतं. पहिल्या दिवशीही करत नव्हतं. सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यात पुढं आपण हसलो. वकिलाला दर वेळी मनापासून की फळ्यासाठी विचारतो, आणि जिला विचारायला हवं होतं तिला विचारलं नाही. एवढी वर्षं टोकरून बघण्यात घातली, आणि पोपडा हाताला लागला तेव्हा त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मोकळ्या झालो! बाईंना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी उरलेला तास पोरांना मैदानात सोडून दिलं.

नवीला त्यांनी थांबवून घेतलं. दोघी एकाच बाकावर बसल्या. बाईंच्या ओठांवर समजावणीचा अख्खा धडा आला होता. तो त्यांनी गिळला.

"मी काही सांगत नाही," त्या म्हणाल्या. "आधी तू सांग."

 मग नवी बोलली, तेही बाकावरच्या कोरलेल्या रेघांवरून बोट फिरवत. ते आधी राहायचे त्या गावात सुट्टीच्या एका दिवशी तिचं आणि वडिलांचं वाजलं होतं. सहलीला जाऊ देत नव्हते. ती रुसून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली. हाका ऐकू आल्या तरी ओ दिली नाही. वडील सगळे मजले वरखाली करत शोधत होते. शेवटी सापडली, हात धरून खाली आणली, एक शब्द बोलले नाहीत. पाणी प्याले, खुर्चीत बसले, आणि मान टाकली. दवाखान्यात डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा आई तिच्याकडे वळली आणि म्हणाली, तू छळलंस म्हणून त्यांचं हृदय बंद पडलं.

"नंतर?"

"नंतर काही नाही. आई नीट वागते. डबा देते, वेणी घालते. ते परत कधी बोलली नाही."

"आणि तुला ते खरं वाटतं?"

"वाहिन्या तुंबतात ते मला माहितीये, बाई. परीक्षेत लिहीन मी." नवीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "पण ते लोकांच्या बाबांचं."

बाईंनी तिला जवळ घेतलं. आता यावर कोणता शहाणा काय शिकवणार? हजार आकृत्या काढल्या तरी ते वाक्य जागचं हलणार नव्हतं. पोरीचं बरोबर होतं, वाक्य तिचं नव्हतंच. ज्याचं होतं तिकडेच जायला हवं होतं.

"मी तुझ्या आईशी बोलू?" बाईंनी विचारलं. "तू नको म्हणालीस तर नाही बोलणार."

नवीनं विचार केला आणि मान डोलावली.

नवीची आई एका लाँड्रीत इस्त्रीला होती. दुकान पुढून अरुंद आणि मागं लांबच लांब. छताला टांगलेल्या दांड्यांवर लोकांचे कोट आणि साहेबी पँटी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लोंबत होत्या, आणि त्यांच्याखाली वाफेच्या इस्त्रीशी ती उभी होती. बाईंनी ओळख सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. "काही केलं का तिनं?"

"काही नाही केलं. हुशार आहे पोरगी." बाई स्टुलावर बसल्या. दुकानात दोघीच होत्या. "मी तुम्हाला एक विचारायला आलेय. तिचे वडील कशानं गेले, तुम्हाला काय काय माहीत आहे?"

आईनं इस्त्री उभी केली. हा काय प्रश्न झाला, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण इतके महिने तिला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. लोक येत, अरेरे करत आणि जात. ती बोलायला लागली आणि मग थांबेना. आधीपासून त्रास होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाहिन्या अरुंद झाल्यात, तपासण्या करून घ्या. गोळ्या चालू होत्या. पोरीला कशाला घोर, म्हणून दोघांनी तिला ताकास तूर लागू दिली नव्हती. गोळ्या कोटाच्या आतल्या खिशात असायच्या. "त्या दिवशी सकाळीच म्हणाले, छातीत धरल्यासारखं होतंय," ती म्हणाली. "मी म्हटलं, आज सुट्टी आहे, उद्या जाऊ. मी म्हटलं हो, बाई. मीच."

बाईंनी स्टूल तिच्याजवळ सरकवलं.

"तिला शोधत जिने चढले म्हणून काय, जिना तर ते रोज चढायचे. पंप बिघडला की बादल्या घेऊन चढायचे."

"हे तिला माहीत आहे?"

"काय?"

"गोळ्या. सकाळचं. यातलं काही?"

"नाही. कशाला सांगू? लहान आहे."

मग बाईंनी फळ्यावरचं वाक्य सांगितलं. ते कोणी कुणाला, कुठं उभं राहून म्हटलं होतं तेही सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःलाच कसंतरी होत होतं. 

"मी असं म्हणाले?"

"तिला तसं आठवतं."

"मी नाही म्हणाले असं. मी कसं म्हणेन? माझी पोर आहे ती..." ती बोलता बोलता थांबली. तिनं इस्त्रीच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. त्या दिवसाचं तिला काहीच धड आठवत नव्हतं. कोण आलं, कोणी पाणी दिलं, घरी कशी पोचली, काही नाही. आता त्या अंधारातलं काहीतरी हाताला लागलं असावं. ती पदराचा बोळा तोंडात धरून रडली. "देवा रे. आणि ती हे इतके दिवस घेऊन फिरतेय?"

बाईही रडल्या. मग गिऱ्हाईक आलं आणि दोघींनी डोळे पुसले.

शुक्रवारी सभेच्या आधी गणिताचे सर डस्टर घेऊन वर्गात शिरले. "बाई, मुख्याध्यापिका फेरीवर निघाल्यात. एकच ओळ आहे, मारतो हात."

"हात लावाल तर बघा!" बाई अशा काही ओरडल्या की सर डस्टरसकट मागं सरले. एवढ्या वर्षांत बाईंचा तो आवाज त्यांनी ऐकला नव्हता. तेवढ्यात दारात नवी आणि तिची आई आली. पालकांपैकी अजून कोणी आलं नव्हतं.

आई दारातूनच फळ्याकडे बघत राहिली. मग सरळ चालत फळ्याशी गेली. ते वाक्य तिनं मनातल्या मनात वाचलं असावं, तिचे ओठ हलले. नवी बाकाशी उभी होती.

"हे मी म्हटलं होतं," आई म्हणाली. बाईंसमोर, सरांसमोर, स्पष्ट. "माझं आहे हे. आणि खोटं आहे. ते आजारी होते, मला माहीत होतं, सकाळीच त्रास होत होता तेही माहीत होतं. तुला काही माहीत नव्हतं. माझ्याच्यानं सोसवेना, म्हणून मी तुझ्यावर ढकललं."

तिनं डस्टर मागितलं नाही. तळहातानं पुसलं, इस्त्रीनं भाजलेल्या जागा असलेल्या तळहातानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. खडू जुना झाला होता, चिकटून बसला होता. ती दोनदा, तीनदा घासत राहिली.

नवी पुढं आली. फळ्याकडे निरखून बघत म्हणाली, "आई, कडेला थोडं राहिलंय."

कडेला तिचंच आद्याक्षर राहिलं होतं. आईनं तिथं हात नेला, आणि नवीनं तिच्या हातावर आपला हात ठेवला. दोघींनी मिळून ते पुसलं. मग आईनं तिला तिथंच, फळ्याला टेकून, घट्ट धरलं. पोरीचा कान आईच्या छातीशी होता आणि ती बराच वेळ तशीच राहिली.

गणिताच्या सरांनी डस्टर हळूच टेबलावर ठेवलं. सभा सुरू झाली, पालक बाकांवर कोंबून बसले, आणि सर गुणांचा हिशेब समजावून सांगायला उठले. आज त्यांना अख्खा फळा मोकळा होता. पण त्यांनी सगळं उजव्याच बाजूला लिहिलं, दाटीवाटीनं, आणि जागा संपल्यावर उरलेलं तोंडी सांगितलं.